एकच सदनिका दोघांना विकणाऱ्यास फौजदारी कायद्यात शिक्षा किती, आणि ती नेमकी कशाबद्दल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण उभयतांनी पुण्यातील एक जुनी सदनिका घेण्याचे ठरवले. सदनिका दोन भावांच्या नावावर असून धाकटा भाऊ परदेशात असतो. थोरल्या भावाने ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) करून एप्रिल २०२४ मध्ये आपल्याकडून ८ लाख रुपये घेतले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, धाकट्या भावाचे म्हणून एक कुलमुखत्यारपत्र (त्याच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद) दाखवून, आणखी १८ लाख घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये आपण सूची क्रमांक दोनचा (नोंदणी कार्यालयातील दस्तांच्या गोषवाऱ्याचा, म्हणजे इंडेक्स-टूचा) शोध घेतला, तेव्हा हीच सदनिका त्याने डिसेंबर २०२३ मध्येच नोंदणीकृत कराराने तिसऱ्या माणसाला विकल्याचे आढळले. धाकट्या भावाने ई-मेलवरून कळवले की त्याने असे कोणतेही कुलमुखत्यारपत्र दिलेले नाही. पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे सांगण्यात आले. या माणसाला किती शिक्षा होऊ शकते, रेराकडे (स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) जावे काय आणि पैसे परत मिळतील काय, असे आपले तीन मुख्य प्रश्न आहेत.

फौजदारी वकिली करताना घरांच्या फसवणुकीची प्रकरणे मी फिर्यादीच्या बाजूने चालवली आहेत आणि आरोपीच्या बाजूनेही. त्यामुळे असे प्रकरण कोठे तुटते हे मला दोन्हीकडून ठाऊक आहे. ‘सात वर्षे’ हा आकडा बहुतेक पक्षकार घरूनच पाठ करून येतात. तो चुकीचा नाही. परंतु त्या आकड्यापर्यंत पोहोचण्यासाठी कोणत्या दिवशी, कोणत्या कृतीने, कोणाची फसवणूक झाली हे वेगवेगळे दाखवावे लागते, आणि आपल्या प्रकरणात तर या तारखांमुळे दोन वेगळे कायदे लागू होतात.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यास भारतीय दंड संहिताच लागू राहते, कारण घटनेच्या अनुच्छेद २० प्रमाणे कृती घडली त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कायद्यानुसारच माणसाला दोषी ठरवता येते आणि त्याहून अधिक शिक्षा देता येत नाही. म्हणून एप्रिलमधील ८ लाखांची फसवणूक दंड संहितेच्या कलम ४२० खाली जाईल आणि ऑक्टोबरमधील १८ लाखांची न्याय संहितेच्या कलम ३१८, पोटकलम ४ खाली. दोन्हींची शिक्षा सारखीच आहे : सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. यातील ‘आणि’ हा शब्द महत्त्वाचा आहे. या कलमाखाली केवळ दंड भरून सुटका होत नाही. तपास व खटल्याची कार्यपद्धती मात्र, फिर्याद आता नोंदवली जाणार असल्यामुळे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणेच चालेल. फिर्यादीत दोन्ही कायद्यांची कलमे असली तर ठाणे अंमलदार ‘यातले एक काढा’ म्हणण्याची शक्यता आहे. ते काढू नये.

आता फसवणुकीच्या मुळाकडे येऊ. करार मोडणे हा गुन्हा नाही. पैसे घेतले त्या क्षणी फसवण्याचा हेतू होता हे सिद्ध व्हावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने हृदयरंजन प्रसाद वर्मा प्रकरणात २००० साली ही रेषा स्पष्ट आखली आणि तेव्हापासून प्रत्येक आरोपीचा वकील तिचाच आधार घेतो. मीही घेतला आहे. ‘अशील व्यवहार पूर्ण करणारच होता, पुढे अडचणी आल्या’ हा ठरलेला बचाव असतो. बहुतेक प्रकरणांत फिर्यादीकडे त्याला उत्तर नसते, कारण माणसाच्या मनातले दाखवायचे कसे? आपल्याकडे ते उत्तर कागदावर आहे. विक्रेत्याने डिसेंबर २०२३ मध्ये दुय्यम निबंधकासमोर स्वतः उपस्थित राहून सदनिका विकली आणि त्यानंतर चार महिन्यांनी तीच सदनिका निर्वेध (बोजा किंवा अन्य कोणाचा हक्क नसलेली) असल्याचे आपल्या साठेखतात लिहून दिले. त्या दिवशी त्याला सत्य माहीत नव्हते असे कोणीही म्हणू शकणार नाही. फिर्यादीचा पहिला परिच्छेद या दोन तारखांचाच असावा. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत सुरुवातीची दोन पाने विक्रेत्याच्या गोड बोलण्याची असतात आणि सूची क्रमांक दोनचा उल्लेख शेवटी एका ओळीत येतो. पोलिसांना प्रकरण दिवाणी वाटण्याचे ते एक कारण असते.

साठेखत नोंदणीकृत नव्हते याची आपल्याला धास्ती वाटते, परंतु त्याचा परिणाम दिवाणी हक्कावर होतो. फसवणुकीच्या गुन्ह्यावर होत नाही. किंबहुना नोंदणी टाळण्याचा आग्रह कोणाचा होता हे संदेशांतून दाखवता आले तर ते हेतूच्या पुराव्यातच जमा होते.

पुढचा मुद्दा बनावट दस्तऐवजाचा. येथे सर्वांत मोठा गैरसमज आढळतो. आपली नसलेली मालमत्ता विकणारा माणूस आपोआप बनावटीकरणाचा गुन्हेगार ठरत नाही. मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, एखाद्याने स्वतःच्याच नावाने आणि स्वतःच्याच सहीने खरेदीखत केले व त्यात ‘मी मालक आहे’ असे खोटे लिहिले, तर तो मजकूर खोटा असला तरी कायद्याच्या अर्थाने तो ‘खोटा दस्तऐवज’ नव्हे, कारण त्याने दुसऱ्या कोणाचे सोंग घेतलेले नाही. अशा व्यवहारात खरेदीदार फसवणुकीची तक्रार करू शकतो. त्यामुळे विक्रेत्याने आपल्याशी केलेले साठेखत, ते कितीही लबाडीचे असले तरी, बनावट दस्तऐवज म्हणून चालणार नाही. अनेक दोषारोपपत्रांत सरसकट बनावटीकरणाची कलमे लावलेली असतात आणि मग उच्च न्यायालयात ती गळून पडतात. त्यासोबत प्रकरणाचे वजनही कमी होते.

कुलमुखत्यारपत्राची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे धाकट्या भावाच्या नावाने दुसऱ्याच कोणीतरी सही केली आहे. फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीकरणाला न्याय संहितेच्या कलम ३३६, पोटकलम ३ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. मूल्यवान रोखा (कायदेशीर हक्क किंवा देणे निर्माण करणारा दस्तऐवज) किंवा तो करण्याचा, हस्तांतरित करण्याचा अथवा पैसे स्वीकारण्याचा अधिकार देणारा दस्तऐवज बनावट केल्यास कलम ३३८ लागते, आणि त्याची शिक्षा आजन्म कारावास किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी आहे. सदनिका विकून मोबदला घेण्याचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र या व्याख्येत बसते असा युक्तिवाद भक्कमपणे करता येतो. असा दस्तऐवज खोटा असल्याचे ठाऊक असूनही खरा म्हणून वापरणाऱ्याला कलम ३४०, पोटकलम २ प्रमाणे तो बनवणाऱ्याइतकीच शिक्षा होते. म्हणजे आपल्या प्रकरणात शिक्षेची कमाल मर्यादा १८ लाखांच्या आकड्यावरून नव्हे, तर त्या एका कागदावरून ठरते.

परंतु हा कागदच सिद्ध करायला सर्वांत कठीण असतो. शीला सेबॅस्टियन प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, खोटा दस्तऐवज प्रत्यक्ष तयार करणारी व्यक्तीच बनावटीकरणासाठी दोषी ठरू शकते. त्यातून फायदा झाला एवढ्यावरून ती शिक्षा देता येत नाही. त्या प्रकरणात तोतयाचा शोधच लागला नव्हता. म्हणून तपासात नोटरीची नोंदवही ताबडतोब जप्त व्हावी, तिच्यातील सही, अंगठा आणि ओळख पटवणाऱ्या व्यक्तीचे नाव मिळावे आणि हस्ताक्षर तज्ज्ञांकडे नमुने जावेत, असा अर्ज फिर्यादीसोबतच द्यावा. कुलमुखत्यारपत्रावर पुण्यातील नोटरी आणि एक विशिष्ट दिनांक असेल, तर त्या दिवशी धाकटा भाऊ भारतात नव्हता हे त्याच्या पारपत्रावरील शिक्क्यांवरून दिसेल. हा पुरावा हस्ताक्षराच्या अहवालाहून अधिक पक्का ठरतो. धाकट्या भावाचा केवळ ई-मेल पुरेसा नाही. त्याचा जबाब लागेल. सख्ख्या भावाविरुद्ध जबाब देताना माणूस ऐनवेळी कच खातो, हे गृहीत धरून त्याच्याशी आत्ताच सविस्तर पत्रव्यवहार करून ठेवावा.

हेच कुलमुखत्यारपत्र दुय्यम निबंधकासमोर सादर झाले असते, किंवा तेथे तोतया उभा केला गेला असता, तर नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ८२ प्रमाणे सात वर्षांपर्यंतच्या कारावासाचा स्वतंत्र गुन्हा घडला असता. आपल्या व्यवहारात नोंदणी झालीच नाही, म्हणून ते कलम येथे लागत नाही. तोतयेगिरी करून फसवण्याबद्दलचे न्याय संहितेचे कलम ३१९, ज्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे, ते तोतया सापडला तर त्याला लागेल. दलाल यात सामील होता असा आपला संशय आहे. त्याला आधीची विक्री ठाऊक होती हे दाखवणारे संदेश असतील तर कट रचल्याबद्दलचे कलम ६१ लागेल. त्याने केवळ दोन टक्के दलाली घेतली एवढ्यावरून लागणार नाही.

फौजदारी विश्वासघाताचे कलम लावावे काय, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे. विश्वासघातासाठी मालमत्ता सांभाळण्यासाठी सोपवलेली असावी लागते. आपण दिलेली रक्कम खरेदीची किंमत होती. फसवणूक आणि विश्वासघात हे एकाच वस्तुस्थितीवर एकत्र नांदू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लब प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा बजावले आणि पोलीस दोन्ही कलमे यांत्रिकपणे लावतात याबद्दल नाराजीही व्यक्त केली. विकसकाने सोसायटी स्थापनेसाठी किंवा मुद्रांक शुल्कासाठी म्हणून घेतलेली रक्कम दुसरीकडे वळवली, तर तेथे विश्वासघात होतो. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या १९६३ च्या अधिनियमात, ज्याला आपण सर्वजण मोफा म्हणतो, कलम १३ खाली त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची वेगळी शिक्षा आहे. आपला विक्रेता विकसक नाही.

त्याच कारणाने रेराचा मार्गही आपल्याला उपलब्ध नाही. तो कायदा प्रवर्तक आणि ग्राहक यांच्यातील आहे. एका घरमालकाने दुसऱ्याला केलेल्या पुनर्विक्रीत तो लागू होत नाही. शिवाय लोकांना वाटते तितका तो कारावासाचा कायदा नाही. प्रकल्पाची नोंदणी न केल्यास अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत शास्ती होते, आणि तीनंतरही आदेश मोडत राहिल्यास कलम ५९ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अपिलीय न्यायाधिकरणाचा आदेश न पाळणाऱ्या प्रवर्तकालाही कलम ६४ प्रमाणे तेवढाच कारावास आहे. नोंदणीच्या अर्जात खोटी माहिती दिली तर कलम ६० प्रमाणे पाच टक्क्यांपर्यंत शास्ती, एवढेच. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या सादर करून रेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश झाला. तशा प्रकरणात विकसकाला तुरुंगाची खरी भीती असते ती बनावटीकरण आणि फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमांची, रेराची नव्हे.

आता पोलिसांच्या ‘दिवाणी प्रकरण’ या उत्तराविषयी. एकाच व्यवहारातून दिवाणी हक्क आणि गुन्हा दोन्ही उद्भवू शकतात, आणि एक मार्ग खुला आहे म्हणून दुसरा बंद होत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणे बंधनकारक आहे, असे ललिता कुमारी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ठरवले. मात्र व्यापारी स्वरूपाच्या प्रकरणांत प्राथमिक चौकशीला त्याच निकालाने मुभा दिली आहे, आणि पोलीस तिचाच उपयोग करतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३, पोटकलम ३ मधील चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी तीन ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. आपल्या गुन्ह्याची शिक्षा पूर्ण सात वर्षांपर्यंत असल्याने ती तरतूद येथे लागत नाही, हे लेखी दाखवून द्यावे. तरीही नोंद झाली नाही तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार पाठवावी आणि त्यानंतर कलम १७५, पोटकलम ३ खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. मधली पायरी गाळू नये; ती गाळली म्हणून चांगले अर्ज फेटाळले गेलेले मी पाहिले आहेत. गुन्हा दाखल झाल्यावर तपासाची प्रगती नव्वद दिवसांत आपल्याला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

आपण कुजबुजत सांगितलेली एक बाब : १८ लाखांपैकी ५ लाख रोख दिले होते आणि ते फिर्यादीत लिहू नयेत असे कोणीतरी सुचवले आहे. ते लिहावेत. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्यात मनाई आहे आणि त्याबद्दलची शास्ती रक्कम घेणाऱ्यावर असते. आपल्याला त्या रकमेचा स्रोत दाखवावा लागेल, बँकेतून काढल्याच्या नोंदी असतील तर अडचण नाही. लपवलेली रक्कम पुढे उलटतपासणीत बाहेर आली, तर आरोपीचा वकील त्या ५ लाखांवरून उरलेल्या २१ लाखांबद्दलही संशय निर्माण करतो.

प्रत्यक्ष शिक्षा किती होईल, याचे प्रामाणिक उत्तर पुस्तकातील आकड्यांहून लहान आहे. फसवणूक आणि बनावटीकरणाचे हे गुन्हे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतात, आणि त्यांना तीन वर्षांहून अधिक कारावास किंवा ५०,००० रुपयांहून अधिक दंड देण्याचा अधिकारच नाही. अधिक शिक्षा योग्य आहे असे त्यांना वाटले तर त्यांनी प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते, ज्यांना सात वर्षांपर्यंतचा अधिकार आहे. प्रकरण तसे पाठवावे असा अर्ज सरकारी वकिलांनी युक्तिवादाच्या टप्प्यावर करायचा असतो आणि तो बहुधा राहून जातो; फिर्यादी म्हणून आपण त्याची आठवण करून देऊ शकता. अनेक कलमांखालील शिक्षा न्यायालये बहुधा एकत्रच भोगायला लावतात, म्हणून सात अधिक सात अशी बेरीज करू नये. आरोपीवर यापूर्वीची दोषारोपपत्रे असतील आणि टोळीने सातत्याने हेच चालले असेल, तर न्याय संहितेतील संघटित गुन्हेगारीच्या कलम १११ चा विचार होऊ शकतो, ज्यात किमान पाच वर्षे कारावास आणि किमान ५ लाख रुपये दंड आहे. परंतु आपण दिलेल्या माहितीवरून तसे दिसत नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेशकुमार निकालापासून पोलिसांना अटकेचे कारण लिहावे लागते. कलम ३३८ लावलेले असेल तर हा हिशेब बदलतो, हे कुलमुखत्यारपत्राकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण.

उरला प्रश्न पैशांचा. अटकपूर्व जामिनाच्या सुनावणीत आरोपी बहुधा काही रक्कम भरण्याची तयारी दाखवतो आणि पक्षकाराला वाटते की आता वसुली झाली. जामीन न्यायालय हे वसुलीचे ठिकाण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. आलेली रक्कम हक्क राखून स्वीकारावी, पण तिच्या आशेवर फिर्याद सौम्य करू नये. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ प्रमाणे गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता न्यायालयाच्या आदेशाने जप्त करून जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटता येते. त्यासाठी आपले २६ लाख कोणत्या खात्यातून कोठे गेले याचा माग तपास अधिकाऱ्याला लवकर काढून द्यावा लागतो. निकालाच्या वेळी कलम ३९५ प्रमाणे दंडातून भरपाई मिळू शकते. पण वर सांगितलेली ५०,००० ची मर्यादा पाहता तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

तडजोडीचा प्रस्ताव येईल. फसवणुकीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो. बनावटीकरणाचा मिटवता येत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. म्हणजे कुलमुखत्यारपत्राची कलमे फिर्यादीत असेपर्यंत विक्रेत्याला आपल्या संमतीची गरज भासते आणि तरीही त्याची सुटका केवळ आपल्या हातात नसते. संपूर्ण रक्कम धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) जमा होईपर्यंत कोणत्याही संमतिपत्रावर सही करू नये. पुढच्या तारखांचे धनादेश घेऊन सही करणाऱ्या एका दांपत्याचे प्रकरण मी आजही चालवत आहे.

फौजदारी कारवाई सुरू असतानाच रक्कम परत मिळण्याचा दिवाणी दावा दाखल करावा आणि त्यात निकालापूर्वी जप्तीचा अर्ज द्यावा, कारण विक्रेता आपली अन्य मालमत्ताही हलवण्याच्या बेतात असू शकतो. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीचे बंधन नाही, पण दिवाणी दाव्याला तीन वर्षांचे आहे. फसवणूक समजल्याच्या दिवसापासून, म्हणजे डिसेंबर २०२४ पासून, ती मोजावी असे आपण म्हणू शकता. तरी समोरचा पक्ष पहिल्या रकमेच्या दिवसापासून मोजेल हे धरून एप्रिल २०२७ पूर्वी दावा दाखल झालेला असावा.